दोन काठ्या आणि सौ.ची ओटी

मंगळवार, ता. ३ ऑक्टोबर १९४४

रजा मंजूर. दिवाळी झाल्यावर नऊ दिवस. साहेबांनी विचारले, कुठे जाणार? म्हटले, पाणी येते तिथे. हसले. एकोणीस वर्षे या कालव्यावर पाटकरी आहे. रोज मोऱ्या उघडतो, रोज बंद करतो. पण भंडारदऱ्याचे धरण पाहिलेले नाही, धरणामागचे डोंगर तर नाहीतच.

खरे कारण साहेबांना सांगितले नाही. श्रावणात गोदीचे बाळंतपण अडले होते, दोन दिवस. तेव्हा सौ. कळसूबाईला बोलली, पोरगी आणि तान्हे सुखरूप सुटले तर ओटी शिखरावर आणून वाहीन. डोंगर लागल्यापासून हातात धरून नेईन, वाटेत कुठेही जमिनीला टेकवणार नाही. दोघेही सुखरूप. नातू आता हसतोसुद्धा.

पण सौ.चा दमा. विहिरीवरून घरी आली तरी उंबऱ्यात बसावे लागते. म्हणून मी जायचे.

"तुमी नेली काय आन् मी नेली काय, येकच. पर हातात."

माझा उजवा गुडघा गेल्या थंडीपासून धरतो. तिला ते ठाऊक आहे.

गुरुवार, ता. ५

करीमभाई सुताराकडे मोरीच्या फळ्या दाखवायला गेलो होतो. जमिनीवरून उठताना गुडघा वाजला. त्याने रंधा थांबवला.

"पाटकरी, कुजक्या शिडीवाणी वाजतोय की. डोंगरावर काय वाजवत जानार का?"

कोणी सांगितले याला? सौ.नेच त्याच्या घरच्यांजवळ बोलणे काढले असणार.

त्याचा डावा पाय लहानपणी गाडीच्या चाकाखाली गेला, आखूड आहे. दोन हातांत दोन काठ्या घेऊन चालतो. वीस वर्षे ओळखतो त्याला, पण आज प्रथमच दुकानापासून मशिदीपर्यंत त्याच्या मागून चालत गेलो आणि पाहिले. काठी कुठे पडणार ते आधी डोळे ठरवतात. मग काठी, मग आखूड पाय, मग धड पाय. एकही पाऊल फुकट नाही. आम्ही दोन धड पायांची माणसे किती अंदाधुंद चालतो.

म्हणाला, तुमालाबी दोन करून देतो. मी म्हटले, मला नकोत, अजून पन्नाशी लागलेली नाही. माझे वडील सत्तरीपर्यंत बिनकाठीचे फिरले.

"तुमचं वडील मळ्यातनं घरी आन् घरनं मळ्यात. त्येंनी कंचा डोंगर बघितला?"

खरे आहे. पण काठी धरली की गावात लोक म्हातारा म्हणायला मोकळे. हा विचार लिहिताना लाज वाटते, पण आहे.

रविवार, ता. ८

काठ्या घरी आल्याच. वेळूच्या, माझ्या छातीपर्यंत उंच, खाली लोखंडी शेंबी, वर मुठीला सुती दोरी वळलेली. वजन जवळजवळ नाहीच. गाठी इतक्या गुळगुळीत तासल्या आहेत की बोट फिरवत बसावेसे वाटते. मी नको म्हटलेल्या वस्तूवर माणसाने इतके कष्ट घ्यावेत!

क.भाई म्हणतो, मीपण येतो. "माझ्या पटाशीला धार त्याच पान्यानं लागती. बघावं तरी कुठनं येतं."

अडचण अशी. काठ्या दोन, हात दोन. मग ओटी कशात धरायची? सौ.ने काठ्या पाहिल्या आणि ओटीचे सामान काढून ठेवले. खण, नारळ, गहू, हळकुंड, सुपारी, वर लाल फडके.

क.भाईला विचारले. बराच वेळ कान खाजवत होता. "अल्लानं हात दोनच दिलं. तिसरा म्या बनवून देऊ व्हय?"

सोमवार, ता. ९

पहाटे कोणी नाही असे पाहून कालव्याच्या मातीच्या भरावावर काठ्या घेऊन चालून पाहिले. पहिल्या मोरीपासून तिसरीपर्यंत. सुरुवातीला काठी, पाय, काठी, पाय असा गोंधळ. दुसऱ्या मोरीपाशी जमू लागले. गुडघ्यावर भार येत नाही हे खरे. परत येताना पोथीतल्या ओव्या मनात म्हणत आलो, त्यांच्या ठेक्यावर काठ्या आपोआप पडत होत्या.

पण हात गुंतलेले. दोन्ही. हे काही बदलत नाही.

बुधवार, ता. ११

आज फजिती. आमचा चौकीदार सावळाराम धावत आला.

"अण्णा, भरावावर साळिंदर फिरतंय! भोकंच भोकं पाडल्यात. दोन रांगा, येक हिकडं, येक तिकडं, पार तिसऱ्या मोरीपतुर. फासा लावू का?"

शेंबीची भोके. भराव ओला होता. गेल्याच महिन्यात भरावावर शेळ्या चारल्या म्हणून मी एका कुटुंबाला चारचौघांत बोललो होतो, एका भोकातून कालवा फुटतो म्हणून.

सावळारामला म्हटले, फासा नको, मी बघतो. दुपारी घमेले घेऊन गेलो आणि चिखलाने एकेक भोक बुजवले. तीन मोऱ्यांचे अंतर वाकून. गुडघा जो धरला तो आता लिहितानाही सरळ होत नाही.

शनिवार, ता. २१. राजूर

निघालो. सौ.ने ओटी माझ्या हातात दिली, आणि माझ्या कपाळाला नव्हे, काठ्यांना कुंकू लावले. म्हणजे काठ्या वापरा म्हणते? की घेऊन जा पण वापरू नका म्हणते? ठरत नाही. गाडीत बसलो तरी ठरले नाही.

संगमनेरहून मोटार कोळशाच्या गॅसवरची, लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही. चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायचे. क.भाईही उतरला. ड्रायव्हर म्हणाला, चाचा, तुम्ही बसा. "बसू कशाला? काठ्या ढकलत्यात, मी नुस्ता त्येंच्यामागनं येतो." सगळी मोटार हसली.

ओटी मी सबंध वाटेत मांडीवर धरली. डोंगर अजून लागलेला नाही, तरी खाली ठेवववत नाही. इथे खुंटीला अडकवली आहे.

रविवार, ता. २२. शेंडी

राजूरहून पायी. ओटी हातात, काठ्या पाठीला बांधून. क.भाई म्हणाला, असं बघितलं की भाता लावलेला राम वाटता. मी म्हटले, राम इतका लंगडत नसावा.

दुतर्फा भाताची कापणी. विळ्याचा आवाज सारखा, ओळीने वाकलेल्या बाया. वाट सपाट तोवर गुडघा मुकाट. दुपारनंतर बोलू लागला.

धरण पाहिले. काय लिहू? भिंतीपुढे उभा राहिलो आणि नुसताच उभा राहिलो. एवढ्या दगडाची एवढी शांत भिंत. मागे पाणी निळे, वारा नाही, डोंगर त्यात उलटे. एकोणीस वर्षे मी याचे थेंब मोजून देतो आहे. हात जोडले गेले.

क.भाईने त्याच पाण्याने वजू केला आणि काठावर नमाज पढला. आखूड पाय एका बाजूला पसरून, बसल्या बसल्या. उठल्यावर म्हणाला, "पाटकरी, आपल्या गावच्या पान्यात माती असती. हितं न्हाई. मंजी माती आपलीच."

सोमवार, ता. २३. बारी

डोंगर इथून डोक्यावर येतो. टोक ढगात होते, संध्याकाळी उघडले. एवढे उंच असेल असे वाटले नव्हते. कालव्याच्या उताराचा मला अंदाज येतो, हाताने पाणी कुठे वळेल ते सांगतो. या उभ्या कातळावर माझा तो अंदाज काही कामाचा नाही.

धोंडाबाईच्या ओसरीला उतरलो आहोत. साठीची असेल, बारीक, कोरडी. दर मंगळवारी देवीच्या दिव्याला तेल घेऊन वर जाते, आधी तिची सासू जात असे. उद्या तिच्याबरोबरच जायचे.

तिने आमच्या काठ्या उचलून पाहिल्या, उलट्या केल्या, शेंब्यांवर नख वाजवले.

"ही लोखांडं कातळावर घसरत्यात. काढा. लाकूड धरतं, लोखांड न्हाय धरत."

मला वाटले क.भाईला राग येईल. आपल्या शेंब्यांचा त्याला अभिमान आहे. पण त्याने पिशवीतून पकड काढली आणि चारही शेंब्या उपटल्या, माझ्या दोन, त्याच्या दोन. मग टोकांवर दगड घासून ती खरखरीत केली आणि तिला दाखवली, शाळेतले पोर पाटी दाखवते तशी. ती म्हणाली, "आता कसं." त्याला केवढा आनंद! तीस वर्षे कारागिरी केलेला माणूस. मी त्याच्या जागी असतो तर?

मी ठरवले. काठ्या क.भाईजवळ राहतील. ओटी हातात, बाकी देवी बघेल.

बुधवार, ता. २५. बारी

काल लिहिता आले नाही, उतरलो तसा झोपलो. क्रमाने लिहितो.

उजाडता निघालो. धोंडाबाई पुढे, डोक्यावर तेलाचे मडके आणि नैवेद्याची दुरडी, हात मोकळे सोडलेले, जणू बाजारातून घरी चालली आहे. मग मी, ओंजळीत ओटी. मागे क.भाई, पाठीला माझ्याही काठ्या.

पहिला चढ गेला. दुसऱ्याला गुडघा मोडतो की काय असे झाले. हात पुढे धरलेले असले की पायाखालचे दिसत नाही, हे मला आधी सुचलेच नव्हते. ओटीच्या आड येणारा प्रत्येक दगड मी अंदाजाने ओलांडत होतो.

एका वळणावर सुटलेल्या मुरुमावरून घसरलो. दोन्ही कोपरांवर पडलो, ओटी वर धरून. कोपरे सोलली. ओटी वीतभर उंच राहिली, टेकली नाही. पण उठता येईना. उठायला हात लागतो, हात मोकळा नाही. तसाच पडून राहिलो, आडवा, देवीपुढे घातलेल्या दंडवतासारखा.

क.भाई जवळ येऊन थांबला. हात पुढे केला आणि मागे घेतला. "मी धरू का वो घटकाभर? तुमच्या बाईला चालंल का?"

त्याने विचारले याचेच मला वाईट वाटले. म्हटले, धर. सौ.ला चालेल याची मला खात्री होती. त्याने आपल्या दोन्ही काठ्या बगलेत दाबल्या, एका पायावर तोल घेऊन उभा राहिला, आणि ओटी ओंजळीत घेतली. मी उठेपर्यंत हलला नाही. कपाळावरून घाम डोळ्यांत जात होता, तरी हात खाली केला नाही.

पुढे गेलेली धोंडाबाई परत उतरून आली. आमच्या दोघांकडे पाहून मोठ्याने हसली.

"दोन बापय आन् येक नारळ! डोक्यावर घ्या की. आमी समदं डोक्यावरच नेतो, पानी बी, लाकडं बी, देवीचं बी. पडतंय व्हय कधी?"

"हातात नेईन असं बोललंय."

"कोन बोललंय?"

"घरून."

"ती हितं असती तर काय केलं आसतं? बाईमानूस. डोक्यावरच घेतली आसती."

तिने माझा फेटा सोडला, त्यात ओटी बसवून पुन्हा माझ्या डोक्यावर असा बांधला की मान हलवली तरी ती हलेना. क.भाईने काठ्या पाठीवरून काढून माझ्या हातात दिल्या. मी घेतल्या. एवढे दिवस ज्याचा विचार केला ते एका क्षणात झाले, आणि ते मी ठरवले असेही म्हणता येत नाही.

त्यानंतरची चाल वेगळीच. धोंडाबाईच्या मागे, तिच्या टाचेवर नजर ठेवून. ती दगड निवडते, मी तोच घेतो. मान ताठ ठेवावी लागते म्हणून समोर पाहावे लागते, म्हणून डोंगर दिसतो. काठी, पाय. काठी, पाय. मागून क.भाई सांगत होता, "चढताना काठी लई लांब फेकू नगा. जवळ टाका, दोनदा टाका." गुडघा दुखत होता, पण सोबत्यासारखा.

वर शेवटचा कातळ. त्यात पाऊल मावेल एवढ्याच खोबण्या. तिथे काठ्यांचे काम नाही, हातापायांनीच चढायचे. क.भाई तिथे बसला. पाय जाणार नाही हे त्याने खालूनच ओळखले होते, तरी इथवर आला. माझ्या काठ्या आपल्या मांडीवर आडव्या घेतल्या.

"जावा. माजा सलाम सांगा बाईला. म्हनावं, सुतार दाराशी बसलाय."

चढलो. खाली दरी, डोक्यावर नारळ. धोंडाबाई वरून बोट दाखवायची, हिथं, आता हिथं. त्या भीतीत एकदाही काही मागणे सुचले नाही, फक्त पुढची खोबण.

माथ्यावर फेटा सोडला आणि ओटी ओंजळीत घेतली. तिथून देवळापर्यंत हातात नेली. वीस-बावीस पावले. मोजली.

ओटी बाईनेच भरायची, म्हणून धोंडाबाईने भरली. विचारले, "घरधनिनीचं नाव काय?" लग्नाला तीस वर्षे होतील, उखाणा सोडला तर मी ते नाव कोणापुढे घेतल्याचे आठवत नाही. घेतले. वाऱ्यात तिला ऐकू आले नाही. पुन्हा मोठ्याने घेतले.

उत्तरेला, पूर्वेला नुसते डोंगर. दक्षिणेला खाली धरणाचे पाणी, पत्र्याच्या तुकड्याएवढे. त्यातून आमचा कालवा निघतो, आमच्या गावचा ऊस, सौ.ची विहीर. सलाम सांगितला. क.भाईचा सांगितला, मग स्वतःचा नमस्कार.

उतरताना काठ्या नसत्या तर मी इथे लिहायला नसतो. चढणे श्वासाचे काम, उतरणे गुडघ्याचे. काठ्या आधी खाली, मग दुखरा पाय, मग धड. क.भाई पुढे उतरत होता, आणि मी वरून त्याच्याकडे पाहत होतो. आखूड पायाचा हा माणूस खाली जाताना पाण्यासारखा जातो, दगडाशी भांडत नाही, त्याला वळसा घालतो.

शनिवार, ता. २८. घरी

काल पोचलो. सौ. दारातच. पहिला प्रश्न गुडघ्याचा नाही.

"हातात नेली ना?"

खोटे बोलण्याचा विचार आला होता, मोटारीत, संगमनेरपासून. बोललो नाही. सगळे सांगितले. घसरलो ते, क.भाईने धरली ते, फेटा, वीस-बावीस पावले.

क.भाईचे ऐकून मान हलवली. "करीमभाईंनी धरली ती हातातच धरली. त्येचं काय न्हाई." मग म्हणाली, "पर तुमी डोक्यावर."

म्हटले, धोंडाबाई दर मंगळवारी जाते, ती म्हणाली चालते.

"ती तिचं बोलली. देवीला बोलले ते मी."

आणि तांदूळ निवडायला बसली. रागावलेली नाही. प्रसाद कपाळाला लावला, नातवाच्या तोंडात कणभर घातला. पण नवस फिटला असे म्हणाली नाही.

काठ्या कोपऱ्यात उभ्या करून ठेवल्या.

मंगळवार, ता. ३१

क.भाई आला होता. शेंब्या पुन्हा ठोकून गेला, आपल्या सपाटीला लोखंडच बरे म्हणून. मी सौ.चे बोलणे सांगितले. गंभीर झाला. "खरं हाय त्येंचं. माप ज्येचं त्येनंच घ्यावं."

देवीला हात कळतात की डोक्यावरून नेलेले कळते, मला ठरवता येत नाही. पोथी वाचताना मन त्यावरच. माझे जाणे खरे होते एवढे मला माहीत आहे. तिचे बोलणे पुरे झाले का, हे तिला माहीत. तिने एवढेच विचारले, त्या धोंडाबाई किती वर्षांच्या? मी म्हटले, साठ असेल.

सोमवार, ता. ६ नोव्हेंबर

सकाळी काठ्या कोपऱ्यात नव्हत्या. संध्याकाळी होत्या.

गुरुवार, ता. ९

सावळाराम आला, चप्पल बाहेर काढत.

"अण्णा, साळिंदर पुन्यांदा आलं. ह्या डावाला ल्हान जनावर हाय. पाऊल आखूड टाकतंय."

त्याच्याबरोबर भरावावर गेलो. दोन रांगा, वीतवीत अंतरावर. मध्ये मध्ये एकाच जागी दोन खोल भोके शेजारी शेजारी. तिथे उभे राहून दम घेतला असणार. पहिल्या मोरीच्या पुढे, दुसरीच्या थोडे अलीकडे संपतात. सोमवारची पुसट भोके पहिल्या मोरीच्याही अलीकडे संपली होती.

सावळाराम घमेले आणायला निघाला. "बुजवू ना?"

म्हटले, आज राहू दे. पाणी सोडायला अजून चार दिवस आहेत. तोवर रोज सकाळी फक्त बघ, कुठवर जातात ते, आणि मला येऊन सांग.